टाकीतली चरबी

घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून तिला बारकी म्हणायला लागले. पुढे ती दादापेक्षाही रुंद खांद्यांची झाली, तरी नाव काही बदललं नाही. शाळेत असताना एकदा तिने जेवताना जाहीर केलं होतं, की इथून पुढे मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारा. दादा म्हणाला, "मारू की," आणि लगेच, "बारके, जरा मीठ सरकव." तो विषय तिथेच मिटला.

ही बारकी शहराच्या मलनिस्सारण विभागात कनिष्ठ अभियंता होती. सरळ बोलायचं तर गटारांची इंजिनिअर. चेंबरचं झाकण उघडलं, की नवीन माणसं दोन पावलं मागे सरतात. ही गुडघ्यावर हात टेकून आत वाकायची. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. नाकाला सवय झाली होती, आणि घाण म्हणजे कुणीतरी टाकलेली नि कुणीतरी काढायची वस्तू, इतकाच तिच्या लेखी हिशेब होता. घरी आली की वहिनी दारातच अडवायची. चपला बाहेर, कपडे बादलीत, आधी अंघोळ आणि मग चहा. "तुझ्या केसांतून अख्खा बाजार घरात येतो," असं वहिनी म्हणायची, पण अंघोळीचं पाणी मात्र न सांगता तापवून ठेवायची.

बाजारातल्या गटारांत एक त्रास फार होता. खाणावळी आणि हॉटेलं भांडी धुतलेलं तेलकट पाणी सरळ मोरीत सोडत. ते पाइपात गार व्हायचं, आणि त्यातली चरबी आतल्या बाजूला थरावर थर चढत पांढरट दगडासारखी व्हायची. पाइप तुंबला की दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी. मग पहारी घेऊन माणसं खाली उतरवायची. हे बारकीने बारा-तेरा वर्षं पाहिलं होतं. म्हणून वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी लागते असं ऑफिसात कळलं, आणि तिने संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा प्रबंधाचा विषय तिला शोधावा लागला नाही. चरबी. दुसरं काही तिला सुचलंही नसतं.

मार्गदर्शक म्हणून जे सर मिळाले, त्यांना विद्यार्थी पाठीमागे इस्त्रीसर म्हणत. त्यांच्या शर्टाला कुणी कधी सुरकुती पाहिली नव्हती. बोलणंही तसंच, गुळगुळीत. बारकी नोकरी करणारी, वयाने मोठी, म्हणून ते तिला मॅडम म्हणत आणि खुर्ची पुढे करत.

"मॅडम, तुमचा विषय उत्तम आहे," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "फक्त त्याला थोडी दिशा देऊ. बाजारात एक पावडर आलीय. जिवाणूंची. मोरीत टाकायची, जिवाणू चरबी खाऊन टाकतात. कंपनी आपल्याला पाइप देईल, पंप देईल, सगळी मांडणी करून देईल. तुम्ही फक्त पावडर किती काम करते ते मोजा."

बारकीला ते पटलं. पावडर खरंच चालली, तर माणसं खाली उतरवायची वेळच येणार नव्हती. ती मनापासून खूश झाली. घरी वहिनीला तिने जिवाणू चरबी कसे खातात ते ताटातल्या भातावर हात फिरवून समजावलं. वहिनीने ताट उचलून ओट्यावर नेलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

मांडणी कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये झाली. सहा पाइप, उतार देऊन शेजारी-शेजारी बसवलेले. तिघांत पावडर घालायची, तिघांत नाही. खाणावळीचं खरकटं पाणी पिंपातून पंपाने वर चढायचं आणि पाइपांतून वाहत खाली यायचं. खाली आलेलं पाणी जमिनीवर सांडू नये, म्हणून बारकीने प्रत्येक पाइपाखाली आपल्या पदरची एकेक प्लास्टिकची टाकी ठेवली. कंपनीच्या आराखड्यात टाक्या नव्हत्याच. ऑफिस सुटलं की ती शेडमध्ये यायची, पाइप उघडायची, आतली चरबी पत्र्याच्या पट्टीने खरवडून तागडीत तोलायची. शेडमध्ये असा वास, की शेजारच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी खिडकीच्या फटींना कागद चिकटवले. बारकी मात्र तिथे डबा उघडून जेवायची.

पहिले काही आठवडे तिला वाटलं, जमलं. पावडरवाल्या पाइपांत चरबी खरोखरच कमी बसत होती. ती आनंदाने टाक्या साफ करायला गेली, आणि हात कोपरापर्यंत आत घालून तशीच थांबली. पावडरवाल्या पाइपांखालच्या टाक्यांत तळाशी जाड, पिवळट, साबणासारखा लगदा बसला होता. दुसऱ्या टाक्यांत त्याच्या मानाने थोडासाच. तिने तो काढला, वाळवला, तोलला. पाइपातलं आणि टाकीतलं मिळवलं, तर पावडर घातलेल्यात आणि न घातलेल्यात चरबी सारखीच. जिवाणूंनी खाल्लं काहीच नव्हतं. चरबी सैल होऊन फक्त पुढे सरकली होती. तिने प्रयोग नव्याने लावला, पाणी बदललं, पावडर वाढवली. उत्तर तेच आलं.

तिला वाईट वाटलं, पण फार नाही. नाही चालत तर नाही. तेही कळायला हवंच की. आकडे घेऊन ती सरांकडे गेली.

सरांनी कागद नीट पाहिले. ते रागावले नाहीत, आणि पुढे कितीतरी दिवस बारकीला त्याचंच नवल वाटत राहिलं. रागावले असते तर भांडता आलं असतं.

"मॅडम, तुमच्या प्रबंधाचा विषय काय?" त्यांनी विचारलं.

"पाइपातल्या चरबीवर पावडरीचा परिणाम."

"पाइपातल्या. बरोबर? मग टाकी कुठून आली?"

"पाणी सांडू नये म्हणून ठेवली होती सर."

"म्हणजे ती तुमच्या प्रयोगाचा भाग नाही. सोय आहे ती. झाडू ठेवला असता तर झाडूवर एक प्रकरण लिहिलं असतं का तुम्ही?" ते हसले. "मी खोटं लिहा असं म्हणत नाही. एकही आकडा बदलू नका. मला ते चालणारच नाही. फक्त विषयाच्या बाहेर जाऊ नका. पाइपात चरबी कमी झाली की नाही?"

"झाली."

"मग तेवढंच लिहा. खरंच आहे ते."

बारकी खोलीतून बाहेर आली ती थेट नळाकडे गेली. तिने खळखळून चूळ भरली. कोपरापर्यंत चरबीत हात घालून जे कधी करावं लागलं नव्हतं, ते त्या स्वच्छ, फिनेलचा वास येणाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसून करावं लागलं होतं.

मग लिहायची वेळ आली. इस्त्रीसरांनी नमुन्यादाखल जुने चार प्रबंध दिले. पहिलं प्रकरण चारही प्रबंधांत जवळजवळ एकच होतं. 'वाढत्या शहरीकरणामुळे' अशी सुरुवात, आणि मग पुढची वाक्यं हातात हात घालून चाललेली. एकाने दुसऱ्याचं उतरवताना शुद्धलेखनाची चूकही तशीच ठेवली होती. पुढच्या दोघांनी ती भक्तिभावाने जपली होती. बारकीने स्वतःचं लिहून नेलं: 'बाजारातल्या हॉटेलांचं पाणी तेलकट असतं, ते पाइपात गार झालं की चरबी बसते.' सरांनी त्यावर बारीक पेन्सिलीने लिहिलं, 'भाषा शास्त्रीय हवी.' मग तिचं वाक्य चार ओळींचं झालं. त्यातून हॉटेलं गेली, बाजार गेला, पाणी जाऊन 'सांडपाणी प्रवाह' आला, आणि कुणी काय केलं ते कुठेच राहिलं नाही. सगळं आपोआप 'होत असल्याचे निदर्शनास' येऊ लागलं. आपलंच लिहिलेलं वाचताना तिला दुसऱ्याने चावून दिलेला घास तोंडात घेतल्यासारखं वाटायचं.

घरी तिने टाकीचं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, इथे तरी कुणी चिडेल.

दादा वर्तमानपत्र घडी करत म्हणाला, "मग लिही ना ते सांगतात तसं. पदवी त्यांच्या हातात आहे."

"अरे, पण चरबी जात नाहीये. पुढे सरकतेय."

"सगळंच पुढे सरकतं, बारके. मी कारखान्यात वीस वर्षं दुसरं काय करतोय? आमच्या मशिनचा खराब माल पुढच्या मशिनवर, तिथला पुढच्या."

वहिनी म्हणाली, "तू म्हातारी होऊन रिटायर झालीस, तरी तो प्रबंध कुणी उघडून बघणार नाही. सही घे आणि मोकळी हो. नाहीतर ऑफिसातला तुझ्याखालचा तो पोरगा साहेब होईल आणि तू त्याला चहा विचारशील."

दोघांचं खोटं नव्हतं. म्हणूनच बारकीला त्यांच्यासमोर बसवेना. पानातलं तसंच टाकून ती उठली.

शेवटी तिने मधला रस्ता काढला. टाकीबद्दल मजकुरात एक अक्षर लिहिलं नाही, पण प्रबंधाच्या शेवटी, परिशिष्टात, टाकीतले सगळे आकडे तक्त्यात मांडले. सरांनी परिशिष्टाची पानं अंगठ्याने फर्रकन उडवली आणि मान हलवली. बारकीच्या मनात असं होतं, की बाहेरून परीक्षक येतील, ते पाहतील, विचारतील. विचारल्यावर खरं सांगायला कोण अडवणार? स्वतःहून बोलायचं नाही आणि दुसऱ्याने विचारावं म्हणून वाट बघायची, ही ताकाला जाऊन भांडं लपवण्याची रीत आपण कधीपासून शिकलो, याची तिची तिलाच शिसारी आली. पण तिने ती केली.

सादरीकरणाच्या दिवशी वहिनीने तिला आपली चांगली साडी नेसवली. विभागाच्या लांबट खोलीत पडदे ओढले होते. टेबलामागे तिघे बसले होते. इस्त्रीसर, विभागप्रमुख आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षक लठ्ठ, प्रेमळ चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांच्यापुढे बारकीचा प्रबंध होता, आणि त्याच्यावर बिस्किटांची बशी. मागे पाच-सहा विद्यार्थी होते. पुढे आपलीही पाळी येणार म्हणून बघायला आलेले.

बारकी बोलली. पाठ केलं होतं तसंच बोलली. पडद्यावर आलेख चढले, उतरले. विभागप्रमुखांचे डोळे तिसऱ्या चित्राला मिटले. बोलणं संपलं, तेव्हा परीक्षकांनी बशी बाजूला केली, प्रबंध उघडला आणि चष्मा लावला.

"मॅडम, पान पंचेचाळीसनंतर एकदम सत्तेचाळीस आहे."

"छपाईची चूक आहे सर. पान गेलेलं नाही."

"ते दुरुस्त करा. आणि डावीकडचा समास कमी वाटतोय. बांधणी केल्यावर अक्षरं आत जातात. संदर्भांची यादीही अकारविल्हे लावा." त्यांनी आणखी काही पानं उलटली. परिशिष्टावर आले. बारकी पाहत होती. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं, बोटाला लागलेला बिस्किटाचा चुरा झटकला, आणि प्रबंध मिटला. "बाकी काम कष्टाचं आहे. अभिनंदन."

इस्त्रीसर हसून उठायला लागले.

"सर, आणखी एक चित्र आहे," बारकी म्हणाली.

ते चित्र तिने सकाळीच घातलं होतं, वापरायचं की नाही हे न ठरवता. पडद्यावर पाइप आणि टाकी शेजारी आले. ती पाठ न केलेलं बोलली, ऑफिसात बोलते तसं. "पाइपात चरबी कमी झाली, हे खरं आहे. पण ती टाकीत सापडली. सगळी. पावडरीने चरबी नाहीशी होत नाही, फक्त सुटून पुढे जाते. एकाचं गटार मोकळं होतं आणि पुढच्याचं तुंबतं."

मागच्या एका विद्यार्थ्याने डोकं वर केलं. विभागप्रमुख जागे झाले आणि काय झालं असं नजरेने विचारू लागले. इस्त्रीसरांच्या चेहऱ्यावर मात्र अजूनही सुरकुती नव्हती.

परीक्षक पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर तुम्ही आधी सांगायला हवं होतं. म्हणजे पावडरीमुळे चरबी टाकीत एका जागी गोळा होते. काढायला किती सोपं. हा तर जास्तीचा फायदा झाला."

"अगदी," इस्त्रीसर तात्काळ म्हणाले. "आमचं हेच निरीक्षण होतं. मॅडम विनयाने शेवटी ठेवतात."

"सर, गावात टाकी नाही," बारकी म्हणाली. "टाकी मी ठेवली होती. पाणी सांडू नये म्हणून. गावात पाइपाच्या पुढे पाइपच आहे आणि त्याच्या पुढे नदी."

"ते पुढील संशोधनात घालता येईल," परीक्षक मायेने म्हणाले. "सगळं एकाच प्रबंधात बसत नसतं. पण ते गोळा होण्याचं वाक्य निष्कर्षात जरूर घाला."

टाळ्या वाजल्या. विभागप्रमुखांनी तिचा हात हातात घेऊन हलवला. बशी फिरली. परीक्षकांनी आपुलकीने तिला बिस्किट पुढे केलं, आणि तिने घेतलंही. नाही कसं म्हणायचं? ते तोंडात फिरत राहिलं, खाली उतरेना. बाहेर येऊन तिने ते रुमालात थुंकलं. तिने खरं सांगितलं होतं, भर खोलीत, सगळ्यांसमोर. त्यांनी ते घेतलं, पुसलं आणि पावडरीच्या जाहिरातीला लावलं. गप्प बसली असती, तर निदान टाकी तिची राहिली असती.

दुरुस्त्या करून ती आठवडाभराने गेली. पान सेहेचाळीस, समास, संदर्भ, सगळं नीट केलेलं. निष्कर्षात तिने लिहिलं होतं: 'पावडर वापरल्यास चरबी पाइपाऐवजी टाकीत गोळा होते. शहरात अशी टाकी नाही.'

सरांनी दुसरं वाक्य खोडलं.

"ते राहू दे सर," बारकी म्हणाली.

"मॅडम, ते संशोधन नाही, तक्रार आहे. महापालिकेची माणसं तुम्ही. तुम्हीच तुमच्या शहराची उणीव प्रबंधात लिहिणार?"

"दोन्ही ठेवा, नाहीतर दोन्ही काढा."

"परीक्षकांनी पहिलं घालायला सांगितलंय. दुसरं सांगितलेलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही शांतपणे विचार करा. मला घाई नाही. घाई तुम्हाला आहे."

आणि ते खरंच होतं. ऑफिसात पदोन्नतीचे कागद मागवले होते. प्रबंध असा भिजत पडला. बारकी दर आठवड्याला जायची, सर खुर्ची पुढे करायचे, चहा मागवायचे, वाक्य खोडायचे. तिने एकदाही आवाज चढवला नाही, त्यांनीही नाही. परत येताना तिला बसमध्ये खिडकीशी बसावं लागे, इतकी मळमळ व्हायची. वहिनीला वाटलं पित्त आहे. तिने दूध दिलं.

शेवटी पदोन्नती गेली. वहिनीच्या तोंडून निघालेला तो खालचा पोरगा खरोखरच साहेब झाला. पोरगा भला होता. पहिल्या दिवशी त्याने स्वतः उठून बारकीला चहा आणून दिला, आणि दोघंही इतकी अवघडली, की चहा तसाच निवून गेला.

पुढे इस्त्रीसर काही महिन्यांसाठी परदेशी गेले. विभागप्रमुखांना वर्ष संपायच्या आत पडून असलेली प्रकरणं निकालात काढायची होती. त्यांनी बारकीला बोलावून घेतलं.

"एवढ्याशा वाक्यासाठी वर्षभर कुणी अडतं का?" ते म्हणाले.

"वाचून पाहा सर, मग ठरवा."

"त्यात काय वाचायचंय," असं म्हणत त्यांनी पान न बघताच सही केली आणि पुढची फाइल ओढली.

म्हणजे वाक्य राहिलं. दोन्ही वाक्यं राहिली. बारकी शिक्का मारलेली प्रत घेऊन जिन्यात उभी राहिली. जिंकल्यासारखं काही वाटतंय का, ते तिने तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. कुणी मानलं म्हणून ते राहिलं नव्हतं. कुणी पाहिलं नाही म्हणून राहिलं होतं.

वर्षभराने तिलाही वरची जागा मिळाली. पावडरवाल्या कंपनीचा माणूस ऑफिसात आला, आणि कॉलेजात सिद्ध झालंय असं सांगू लागला, तेव्हा त्या तरुण साहेबाने बारकीकडे पाहिलं. बारकी एवढंच म्हणाली, "मी तोललंय ते. घेऊ नका." त्याने घेतली नाही. शेजारच्या शहराने घेतली, असं नंतर कानावर आलं. तिथेही पाइपांच्या पुढे नदीच होती.

पदवीदान समारंभाला ती गेली नाही. कागद टपालाने आला. दादाने हौसेने त्याला चौकट करवून आणली आणि जेवायच्या खोलीत, टेबलासमोरच्या भिंतीवर लावली. येईल त्याला तो दाखवायचा. महिन्याभराने एक दिवस खिळा मोकळा दिसला.

"बारके, तुझी पदवी कुठे गेली?" वहिनीने विचारलं.

"कपाटामागे ठेवलीय."

"का गं? किती छान दिसत होती."

"जेवताना समोर यायची."

वहिनीने मोकळ्या खिळ्याला कॅलेंडर लावलं, आणि बारकीच्या पानात आणखी थोडा भात वाढला. बारकीने तो संपवला. नंतर ती कामावर गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत पाणी वर आलं होतं, आणि माणसं झाकण उघडून तिची वाट बघत थांबली होती.